हंगाम कोणाचा?

कोंकणच्या किनाऱ्यावर जाण्यास ‘योग्य काळ’ कोणता, या प्रश्नाचें उत्तर हल्लीं इतक्या एकमुखानें दिलें जातें कीं, त्याविषयीं शंका घेणाराच विक्षिप्त ठरावा. ऑक्टोबर ते मार्च उत्तम. एप्रिल आणि मे उष्ण, परंतु आंब्यासाठीं सोसण्याजोगे. जून ते सप्टेंबर टाळावे. मार्गदर्शक पुस्तिका हेंच सांगतात, प्रवासी कंपन्या हेंच छापतात, निवासगृहांचे दर याच हिशेबानें चढतात आणि उतरतात, आणि मुलांच्या सुट्ट्यांचें कोष्टक पुढ्यांत घेऊन बसलेलीं आमचीं सुशिक्षित कुटुंबें याच मंत्राचा जप करतात. देवगड तालुक्यांतील कुणकेश्वर या गांवावरही आतां हा शिक्का बसला आहे. लांबच लांब वाळू, निळें पाणी, आठ महिने लख्ख ऊन आणि लाटांच्या कांठाशींच उभें असलेलें शंकराचें देऊळ, एवढ्या भांडवलावर त्याची ‘उन्हाचा किनारा’ म्हणून जाहिरात होते; उरलेले चार महिने ‘ऑफ सीझन’ या दोन शब्दांत गुंडाळून बाजूस ठेवले जातात.

आमचें म्हणणें असें कीं, ही वांटणी हवामान म्हणून खोटी आहे, व्यवहार म्हणून घातक आहे, आणि ज्या गांवांत आपण पाहुणे म्हणून जातों त्या गांवाचा उपमर्द करणारी आहे. हें विधान कित्येकांस अतिरेकी वाटेल. म्हणून एकेक मुद्दा घेऊन त्याचा विचार करूं.

प्रथम ‘सीझन’ या शब्दाचीच चौकशी करावी. आपल्या भाषेंत हंगाम हा शब्द आहे. आंब्याचा हंगाम, मासळीचा हंगाम, लावणीचा हंगाम. ज्या काळांत एखादें काम दाटून येतें तो त्या कामाचा हंगाम. सीझन हा त्याचाच इंग्रजी पर्याय असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. परंतु प्रवासाच्या व्यवहारांत त्याचा अर्थ नेमका उलट आहे. हंगाम म्हणजे काम दाटून येण्याचा काळ. सीझन म्हणजे काम टाकून येण्याचा काळ. पहिला यजमानाचा, दुसरा पाहुण्याचा. आपल्या प्रांतांत हा दुसरा अर्थ रूढ झाला तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुक्कामांमुळें. १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरीं थंड हवेचें ठाणें वसूं लागलें, आणि पुढें मुंबई सरकारचा असा परिपाठ पडला कीं, उन्हाळ्यांत महाबळेश्वर, पावसाळ्यांत पुणें आणि थंडींत मुंबई. साहेब डोंगरावर चढले म्हणजे महाबळेश्वरचा सीझन सुरू होई आणि ते उतरले म्हणजे संपे. त्याच डोंगरावर बाराही महिने राहणारा कुणबी किंवा धावड त्या वेळीं काय करीत असे, हा प्रश्न त्या शब्दाच्या कक्षेंतच येत नव्हता. साहेब गेले, शब्द राहिला, आणि त्याबरोबर ती दृष्टिही राहिली.

समुद्रकांठचा सीझन तर याहूनही चंचल आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस हें शहर आज उन्हाळ्यांतील समुद्रस्नानासाठीं जगप्रसिद्ध आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत तेथें धनिक लोक जात ते हिवाळा घालविण्यास. समुद्राच्या कडेनें जाणारा तेथील प्रसिद्ध हमरस्ता आजही ‘इंग्रजांचा रस्ता’ या अर्थाच्या नांवानें ओळखला जातो, तो या हिवाळी पाहुण्यांमुळेंच. उन्हाळा लागला कीं पाहुणे निघून जात आणि शहर ओस पडे. कारण उन्हानें कातडी रापणें हें त्या काळीं शेतांत राबणाऱ्याचें लक्षण समजलें जाई. १९२० नंतर फॅशन पालटली. रापलेली कातडी हें फुरसतीचें आणि संपत्तीचें चिन्ह ठरलें, आणि तोच किनारा, तोच समुद्र, तेंच ऊन असतां सीझन तेवढा हिवाळ्यांतून उचलून उन्हाळ्यांत नेऊन ठेवण्यांत आला. सूर्यानें आपला क्रम मुळींच बदलला नव्हता. पाहुण्यांची आवड बदलली होती. तेव्हां ‘योग्य काळ’ हा जणूं हवामानखात्यानें दिलेला निर्वाळा आहे, अशा थाटांत तो सांगितला जातो, तें किती पोकळ आहे हें या एका उदाहरणावरून दिसून येईल.

आतां ऊन. ‘उन्हाचा किनारा’ हे शब्द थंड देशांतील माणसाच्या तोंडीं शोभतात. ज्याला वर्षांतील कित्येक महिने सूर्याचें धड दर्शन होत नाहीं, त्यानें तें विकत घेण्यास समुद्र ओलांडून यावें हें सयुक्तिकच आहे. परंतु नागपूर, सोलापूर, पुणें येथील कुटुंबांनीं उन्हाच्या ओढीनें कोंकण गांठावें, ही हौस सरळसरळ उसनी आहे. कुणकेश्वरच्या माणसाला उन्हाचें अप्रूप नाहीं. पण उन्हाची किंमत त्याला आपल्यापेक्षां पुष्कळच अधिक कळते. त्याच्या लेखीं तें अंगाला लावून घेण्याचें द्रव्य नसून कामाला लावण्याचें साधन आहे. एप्रिल-मे महिन्यांत त्या भागांतील कोणतेंही खळें पाहावें. एका बाजूस कोकमाचीं सोलें रसांत बुडवून पुन्हां पुन्हां वाळत घातलेलीं असतात. दुसऱ्या बाजूस ताटांतून आंब्याच्या रसाचें साट पसरलेलें असतें. काजूच्या बिया, कुळीथ, मिरच्या यांना मधल्या जागेंत वांटणी मिळालेली असते. किनाऱ्यालगतच्या वाड्यांत बांगडे आणि सुंगटें सुकत असतात. घरावरचे नळे परतून घ्यावयाचे, लाकूडफाटा आडोशाला रचावयाचा, पावसाच्या माऱ्याच्या बाजूला झावळ्यांचीं झापें बांधावयाचीं; या सगळ्याला बेगमी म्हणतात. पुढील चार महिन्यांचें अन्न, सर्पण आणि छप्पर यांची तजवीज याच उन्हांत व्हावयाची असते. जाहिरात ज्यास सुट्टीचा काळ म्हणते तो त्या गांवांत अति निकडीच्या कामाचा काळ असतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत ‘आमच्याकडे लक्ष द्यावयास कोणी मोकळें नाहीं’ अशी तक्रार करीत पाहुणा ओटीवर बसलेला असतो.

हापुसाचीही गोष्ट अशीच आहे. कोंकणांतील या आंब्यास २०१८ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आणि देवगडचें नांव आज परदेशांतही ठाऊक आहे. फळ उतरतें तें उन्हाळ्यांत. परंतु त्याचें भवितव्य ठरतें तें नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंड रात्रींत. थंडी वेळेवर पडली नाहीं तर मोहोर लांबतो. मोहोरावर ढगाळ हवा किंवा अवेळीं पाऊस आला तर तुडतुडा, भुरी आणि करपा यांचें फावतें, आणि वर्षभराची मेहनत पंधरा दिवसांत मातीमोल होते. ‘यंदा डिसेंबरांत हवा कशी छान उबदार होती’ असें प्रशस्तिपत्र देऊन पाहुणा परततो, त्या हवेनें बागाईतदाराची झोंप उडालेली असते. एकाच हवेचीं हीं दोन मूल्यमापनें आहेत. पुस्तिकेंत छापलें जातें तें मात्र एकच.

पाण्याचा हिशेबही येथेंच मांडावा लागेल. कोंकणांत पाऊस अतोनात पडतो. परंतु जांभ्या दगडाच्या सच्छिद्र थरांतून आणि उतरत्या जमिनीवरून तें पाणी लौकर समुद्रास मिळतें. ज्या विहिरी श्रावणांत कांठोकांठ असतात त्यांचा तळ वैशाखांत दिसूं लागतो. आणि शाळांच्या सुट्ट्यांमुळें पाहुण्यांची झुंबड उडते तीही वैशाखांतच. घरच्या माणसांनीं कळशा मोजून पाणी वापरावें आणि पाहुण्यानें समुद्रस्नानानंतर खारें अंग धुण्यासाठीं गोड्या पाण्याच्या बादल्यांमागून बादल्या ओताव्या, असा हा व्यवहार आहे. विहिरीला बोलतां येत नाहीं, म्हणून ती दरपत्रकांत दिसत नाहीं.

दुसरा दावा सुरक्षिततेचा. सीझनमध्यें समुद्र शांत असतो, अर्थात् तो निर्धोक असतो, असें गृहीत धरलें जातें. या गृहीतकाची किंमत काय पडली आहे तें पाहा. एप्रिल २०१७ मध्यें मालवणजवळ वायरीच्या समुद्रांत बेळगांवहून आलेल्या मंडळींपैकीं आठ जण बुडाले. मे २०२२ मध्यें तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा अंत झाला. डिसेंबर २०२३ मध्यें खुद्द देवगडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण बुडून मेले. एप्रिल, मे आणि डिसेंबर! यांपैकीं एकही महिना ‘टाळावा’ या सदरांत मोडत नाहीं. वादळांचेंही तेंच. ‘फयान’ आलें तें नोव्हेंबर २००९ मध्यें, ‘क्यार’नें किनारा हादरविला आणि कापणीस आलेलें भात भिजविलें तें ऑक्टोबर २०१९ मध्यें, ‘तौक्ते’ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलें आणि बागा व होड्या यांची धूळधाण करून गेलें तें मे २०२१ मध्यें. अरबी समुद्रांतील चक्रीवादळें बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशीं किंवा तो सरल्यावर उठतात. भर पावसाळ्यांत क्वचितच. याचा अर्थ पावसाळ्यांत समुद्रांत उतरावें असा कोणी करूं नये. तसें करणें म्हणजे आत्मघात. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, छापील ‘योग्य काळ’ हा समुद्राशीं झालेला करार नव्हे. समुद्र महिने ओळखीत नाहीं. तो तिथि ओळखतो, वारा ओळखतो. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग, भरती-सुकतीच्या वेळा, पहाटेचा मतलई आणि दुपारचा खारा वारा, लाटांच्या मधून माणसाला आंत खेंचून नेणारी ओढ, हें सर्व ज्याच्या हाडींमासीं मुरलें आहे असा माणूस त्या किनाऱ्यावर जाळें विणीत बसलेला असतो. त्याला ‘आज पाण्यांत जावें काय?’ असें विचारण्याचा कमीपणा आपल्यास वाटतो. पुस्तिकेवर मात्र आपण जीव टाकतों, आणि मग तो खरोखरीच टाकावा लागतो.

आतां तो टाळावयाचा काळ. मृगाच्या आगेमागें पाऊस दाखल होतो. होड्या वाळूवर ओढून शाकारल्या जातात. पूर्वीं आगबोटी चालत त्या काळींही दक्षिण कोंकणच्या बंदरांशीं असलेला मुंबईचा जलमार्ग पावसाळ्यांत बंद पडे. अलीकडच्या काळांत १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींनीं मासेमारी करूं नये असा निर्बंध पाळला जातो, कारण हा अनेक जातींच्या माशांचा प्रजननाचा काळ. समुद्र बंद होतो, पण गांव बंद होत नाहीं. पहिल्या पुराबरोबर ओहोळांतून उलट्या प्रवाहानें वर चढणारे चढणीचे मासे धरण्यास मुलें रात्रीं बत्त्या घेऊन निघतात. भाताचा तरवा तयार होतो, गुडघाभर चिखलांत लावणी सुरू होते. उन्हाळ्यांत भाजून काढणारे काळे-तांबडे कातळाचे सडे हिरवे होतात आणि भाद्रपदापर्यंत त्यांवर रानफुलांचे गालिचे पसरतात. श्रावणी सोमवारीं कुणकेश्वराच्या देवळांत माणसांचा राबता वाढतो. नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण होतो, आणि त्यानंतर कोळ्याचें नवें वर्ष सुरू होतें.

आणि मग गणपति. त्या दिवसांत मुंबईहून सुटणाऱ्या कोंकण रेल्वेच्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. जादा गाड्या सोडाव्या लागतात, महामार्ग मोटारींनीं तुंबतो. गिरणीचा भोंगा बंद पडला, चाळी पडल्या आणि त्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले. तरी कोंकणांतला चाकरमानी या आठवड्यास घरीं पोंचल्याविना राहिला नाहीं. वर्षभर कुलूप लावून ठेवलेलीं घरें उघडतात, अंगणें सारवलीं जातात, रात्र रात्र भजनें चालतात. गणेशचतुर्थी येते ऑगस्टच्या उत्तरार्धांत किंवा सप्टेंबरांत, म्हणजे पुस्तिकेच्या भाषेंत ऐन ‘ऑफ सीझन’मध्यें! ज्या दिवशीं त्या मातीचीं लेकरें घरीं परततात तो दिवस ज्या पंचांगांत रिकामा दाखविला जातो, तें पंचांग कोणाच्या सोयीसाठीं लिहिलें आहे, हें आणखी स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता आहे काय? आमच्या कविकुलगुरूनें ऋतुसंहार रचिलें तेव्हां सहा ऋतूंस सहा सर्ग दिले. वर्षाऋतु गैरसोयीचा म्हणून गाळला नाहीं. तेवढें धाडस पुस्तिकांनीं केलें.

शिवाय ज्या देवळाचें चित्र जाहिरातींत मिरविलें जातें, त्याची आख्यायिका तरी काय सांगते? एक परदेशी व्यापारी वादळांत सांपडला. गलबत आतां बुडतें अशा वेळीं त्याला किनाऱ्यावर एक मिणमिणता दिवा दिसला. त्यानें नवस केला, तो वांचला आणि त्यानें तेथें देऊळ बांधिलें, असें लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. परधर्मीयानें हिंदूंच्या देवाचें मंदिर उभारावें या गोष्टीचें मर्म निराळें, आणि त्याचा विचार कधींतरी स्वतंत्रपणें करावा. येथें आम्हांस इतकेंच म्हणावयाचें आहे कीं, कुणकेश्वरची कथा लख्ख उन्हांत सुरू होत नाहीं. ती खवळलेल्या समुद्रांत आणि काळ्या रात्रीं सुरू होते. वादळ गाळून ज्याला हें देऊळ पाहावयाचें असेल त्यानें चित्रच पाहावें.

राहिला हिवाळा, म्हणजे पुस्तिकांचा लाडका काळ. तो तरी त्यांस नीट कळला आहे असें नाहीं. कार्तिकापासून गांवोगांवच्या जत्रा सुरू होतात. दशावतारी मंडळ्या एका देवळाच्या प्रांगणांतून दुसऱ्या देवळाकडे फिरत राहतात आणि रात्रीं उभी राहिलेली त्यांची कथा दहीकाल्यानें पहाटे संपते. मालवण तालुक्यांतील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा तर ठराविक तिथीस बांधलेलीच नाहीं. तिचा दिवस देवीचा कौल घेऊन ठरतो, आणि लक्षावधि माणसें त्या दिवसाची वाट पाहतात. आगाऊ नोंदणीच्या युगांत ही गोष्ट किती अडाणीपणाची वाटत असेल! महाशिवरात्रीस कुणकेश्वरीं मोठी जत्रा भरते. आसपासच्या आणि दूरच्या गांवांचे देव आपापल्या लवाजम्यासह, वाजतगाजत, कोस दर कोस पायीं चालत येतात, कुणकेश्वराची भेट घेतात आणि समुद्रांत तीर्थस्नान करून परत फिरतात. देवांनीं समुद्रस्नानास येण्याचा हा सोहळा पर्यटनाच्या शोधाहून पुष्कळ जुना आहे. परंतु सल्ला मिळतो तो असा कीं, त्या दिवसांत गर्दी फार, खोली मिळावयाची नाहीं, तेव्हां जत्रा उरकल्यावर यावें. म्हणजे यजमानाच्या घरचें मंगलकार्य टाळून त्याच्या घरीं जेवावयास जाण्याचा हा प्रकार. याच थंडीच्या दिवसांत सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर रात्रीं समुद्री कासवांच्या माद्या वाळूंत अंडीं घालतात. सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें बाहेर येतात आणि समुद्रावरील फिकट उजेडाच्या रोखानें धांवतात. किनाऱ्यावर विजेचे दिवे झगमगत असले तर तीं उलट दिशेस वळतात आणि मरतात. १९७२ च्या कायद्यानें या जीवांस संरक्षण दिलें आहे. वाळूवर रात्रीं शेकोट्या पेटवून कर्णे लावणाऱ्या मंडळींपासून त्यांचें रक्षण कायदा एकटा करूं शकत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणतील, ‘हें सर्व ठीक, परंतु गांवाचें पोट कशावर भरावयाचें?’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. १९९७ मध्यें सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली, २०२१ मध्यें चिपीचें विमानतळही उघडलें. पिढ्यान् पिढ्या मुंबईस मनिऑर्डरीकडे डोळे लावून बसलेल्या मुलखांत घरबसल्या चार पैसे मिळूं लागले, तर त्याचा मत्सर करणें हें आम्हां शहरवासीयांस शोभणार नाहीं. परंतु पोटाचाच प्रश्न असेल तर तो बारा महिन्यांचा आहे. कर्ज काढून चार खोल्या बांधिल्या, तर हप्ता आषाढांतही चुकत नाहीं. डिसेंबरांत कामास लावलेल्या पोराला जूनमध्यें घरीं बसवावें लागतें, आणि मग तो मुंबईची गाडी धरतो ती धरतोच. ‘गोव्यासारखें व्हावें’ असें म्हणणाऱ्यांनीं एवढें पाहावें कीं, गोव्यांतही वाळूवरचीं खोपटांचीं उपाहारगृहें दरवर्षी पावसापूर्वीं मोडावीं लागतात. ज्याचा आदर्श सांगितला जातो तोही किनाऱ्यापुरता अर्ध्या वर्षाचाच. सहा महिन्यांच्या कमाईसाठीं बारमाही जमीन विकून बसणें हा शहाणपणाचा सौदा नव्हे.

दुसरे कोणी विचारतील, ‘पावसांत तेथें जाऊन करावयाचें काय?’ या प्रश्नांतच रोगाचें मूळ आहे. ‘करणें’ म्हणजे भाड्याच्या यंत्रावर बसून पाण्यांत घिरट्या घालणें, अशी समजूत झाल्यावर मेअखेर त्या क्रीडा बंद होतांच करण्यासारखें कांहीं उरत नाहीं हें खरेंच. परंतु पडवींत बसून पाऊस पाहणें, कुळथाची पिठी आणि सुक्या बांगड्याशीं भात जेवणें, लावणी चाललेल्या शेताच्या बांधावर उभें राहणें, देवळाच्या सभामंडपांतून पलीकडचा पिसाळलेला समुद्र सुरक्षित अंतरावरून न्याहाळणें, मुलांस खरा अंधार आणि बेडकांचा खरा गोंगाट ऐकविणें, यांत ज्यास राम वाटत नाहीं त्यानें कोंकणांत जाण्याचा खर्च वांचवावा. चाळीस कोसांवर पोहण्याचा तलाव त्यास मिळेल.

तिसरे कोणी अधिक चिडून म्हणतील, ‘आमचें येणें एवढें त्रासदायक असेल तर आम्ही येऊंच नये काय?’ अवश्य यावें. आमचा वाद पाहुण्याशीं नाहीं. पाहुण्याचें गिऱ्हाईक झालें आहे, त्याच्याशीं आहे. पाहुणा यजमानाची सवड विचारतो. गिऱ्हाईक आपली सवड कळवितें. पाहुण्यास जें शिजलें असेल तें गोड लागतें. गिऱ्हाइकास डिसेंबरांत हापूस आणि जुलैंत ताजी सुरमई हवी असते, आणि ती मिळालीही तर ती कोठून आली हें तें विचारीत नाहीं.

तेव्हां करावें काय? आमच्या सूचना मोठ्या नाहींत. कुणकेश्वर आणि त्याच्या शेजारच्या गांवांनीं आपलें स्वतःचें पंचांग छापावें. त्यांत जत्रा, सोमवार आणि दशावताराच्या रात्री असाव्या. मोहोर केव्हां, तोडणी केव्हां, लावणी केव्हां हें असावें. कासवांचे महिने आणि त्या महिन्यांत किनाऱ्यावर पाळावयाचा अंधार असावा. समुद्र बंद कधीं हें ठळक अक्षरांत असावें. आणि विहिरी खालावल्यामुळें पाहुणे थोडेच घेतले जातील असे आठवडेही निःसंकोचपणें सांगितलेले असावे. ‘नाहीं’ म्हणतां येणें हें यजमानपणाचें पहिलें लक्षण आहे. सरकारनें जीवरक्षक आणि सूचनाफलक हे सीझनपुरते न ठेवितां बारमाही ठेवावे, आणि नव्या निवासगृहास परवानगी देतांना खोल्या मोजण्यापूर्वीं विहिरीचें वैशाखांतील पाणी मोजावें. आमच्या वाचक-कुटुंबांनीं करावयाचें तें याहूनही सोपें आहे. कुणकेश्वरीं जावयाचें ठरल्यावर जेथें उतरावयाचें तेथें पत्र किंवा दूरध्वनि करतांना ‘हवा कशी आहे?’ हा प्रश्न प्रथम विचारूं नये. ‘सध्यां तुमच्याकडे काय चाललें आहे, आणि अशा वेळीं आम्ही आलों तर चालेल काय?’ असें विचारावें. उत्तर आषाढांत एक येईल, मार्गशीर्षांत दुसरें येईल, वैशाखांत कदाचित् ‘पुढच्या महिन्यांत या’ असेंही येईल. तें उत्तर ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे त्याला त्या किनाऱ्यावर बाराही महिने हंगामच आहे. आणि ज्याची नाहीं त्यानें कितीही ऊन अंगावर घेतलें, तरी कुणकेश्वर त्यानें पाहिलें असें म्हणतां येणार नाहीं.